टाकीच्या अलीकडे

नकाशेवाले नोकरीत नक्की काय करतात हे कॉलनीत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि या 'कोणालाच'मध्ये त्यांची पत्नीही आली. ते नकाशांच्या कार्यालयात जातात एवढं सर्वांना माहीत होतं. पण तिथे जाऊन ते नकाशे काढत नाहीत, छापत नाहीत, मोजणीलाही जात नाहीत, हे कळल्यावर लोक "बरं, बरं" म्हणत आणि हवेतल्या उकाड्याबद्दल बोलू लागत.

"मग करता काय तुम्ही?" असं त्यांच्या मेव्हण्याने एकदा जेवताना सरळच विचारलं. मेव्हण्याचा पंपांचा कारखाना होता. त्यामुळे पंप न बनवणाऱ्या माणसांबद्दल त्याच्या मनात कायमची एक शंका असे.

नकाशेवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "असं बघ, एका खात्याने रस्त्यांचा नकाशा केला. दुसऱ्याने नळांचा केला. तिसऱ्या देशातल्या तिसऱ्याने पुराचा केला. आता एकाची माहिती दुसऱ्याच्या यंत्राला वाचता यायला हवी की नको? ती कशी लिहायची, हे देशोदेशीची माणसं एकत्र बसून ठरवतात. खाती असतात, कंपन्या असतात, विद्यापीठं असतात. आणि ठरलेला नियम सगळ्यांना खुला. कोणाच्या मालकीचा नाही, कोणाची परवानगी नको. त्या समितीवर मी आहे."

"म्हणजे पायपाचे आटे सगळ्यांनी सारखे पाडायचे," मेव्हणा म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.

नकाशेवाल्यांना फार राग आला, कारण उदाहरण अगदी बरोबर होतं.

ही समिती पडद्यावर भरे. निरनिराळ्या देशांत बसलेले सभासद संध्याकाळी नकाशेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर छोट्या छोट्या चौकटींत हजर होत. अध्यक्षीणबाई सदा हसतमुख होत्या. समिती चालवायची तर दुसरा इलाज नसतो. आणि एक हरकतवाले होते. प्रत्येक समितीला देव असा एक माणूस देतोच. वयस्कर, सडपातळ, हातात पेन्सिल. इतर सभासद ठरावाला अनुकूल असत किंवा प्रतिकूल. हरकतवाल्यांना ठराव म्हणजे काय, इथपासून हरकत असे.

तीन वर्षांपूर्वी नकाशेवाल्यांनी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. साधाच होता. ठिकाण सांगणारे आकडे गाडीला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडतात. पुढे घर सापडत नाही. तिथे माणूस काय म्हणतो? दुकानाच्या अलीकडे, झाडाच्या पलीकडे. मग आकड्यांच्या जोडीला ही खूणही नियमात बसवावी. एक खूण, आणि तिच्या अलीकडे की पलीकडे, कितवं घर. बस्स. जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांतले स्वल्पविराम तपासल्यावर जगाच्या नियमांत एक ओळ तरी आपली असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. कोणाला सांगितली नव्हती, पण होती.

प्रस्ताव सर्वांना आवडला. हरकतवाल्यांनी मात्र पेन्सिल वर करून विचारलं, "पण कुठून?"

"आमच्या नकाशा कार्यालयाकडून," नकाशेवाल्यांनी नम्रपणे उत्तर दिलं. प्रस्ताव कुठून आलाय हे विचारणं सभेच्या शिस्तीला धरूनच होतं.

पुढच्या सभेत हरकतवाल्यांनी पुन्हा विचारलं, "कुठून?" नकाशेवाल्यांनी कार्यालयाचा पूर्ण पत्ता दिला. त्याच्या पुढच्या सभेत विभागप्रमुखांचं हुद्द्यासह पत्र जोडलं. म्हाताऱ्याला विसरायला होत असावं, असं त्यांनी पत्नीला सांगितलंही. अशी तीन वर्षं गेली.

शेवटी अध्यक्षीणबाईंनी हसतहसत बजावलं. "नियम असा आहे की प्रस्ताव नुसता कागदावर चालत नाही. कुठेतरी खराखुरा चालवून दाखवावा लागतो. एका जागची माहिती तीन वेगवेगळ्या कार्यालयांकडे जाऊ दे, कोणालाही ती हाताने पुन्हा लिहावी न लागता, आणि त्यांना घर सापडू दे. येत्या वार्षिक सभेपर्यंत झालं तर मतदान. नाही तर पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवू."

पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवलेली कोणतीही गोष्ट पुन्हा कोणी पाहिलेली नव्हती. नकाशेवाल्यांनी टेबलावरच्या चौकटी मिटल्या, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि ठरवलं की आपल्याच कॉलनीत करू. घरचंच कार्य आहे, लोक मदत करतील. शहाणा माणूस एवढ्यावरच सावध झाला असता.

कॉलनी तशी प्रयोगाला साजेशी होती. एकच वळणदार रस्ता. त्याचं एक गेट बाजाराकडे, दुसरं शाळेकडे, आणि बरोबर मधोमध पाण्याची उंच टाकी. घरांना नंबर होते, पण प्लॉट ज्या क्रमाने विकले गेले त्या क्रमाने पडलेले, त्यामुळे सातच्या शेजारी एकोणीस राहत होते. नव्या माणसाला घर सापडलं तर घरचे लोकच चकित होत.

सेक्रेटरींनी या विषयावर सभा बोलावली. सेक्रेटरी निवृत्त शाळा-तपासनीस होते आणि अजून तपासणं सुटलेलं नव्हतं. "ही माहिती खुली म्हणजे कोणालाही दिसणार?" त्यांनी विचारलं.

"हो. तेच तर त्याचं..."

"म्हणजे चोरालाही."

"चोराला आजही टाकी दिसतेच की," नकाशेवाले म्हणाले. त्यावर टाकीभोवती पडदा लावावा अशी एक उपसूचना आली. तिच्यावर बराच वेळ गेला.

मग खूण कोणती यावरून जुंपली. बाजाराच्या बाजूला राहणारे दातांचे डॉक्टर म्हणाले की त्यांच्या दवाखान्याचा बोर्ड लांबून दिसतो, रात्री उजळतो, आणि त्यावर दाढेचं चित्र आहे. शाळेच्या बाजूच्या गाण्याच्या बाई ताडकन उठल्या. "आयुष्यभर रियाज केला तो काय दाढेच्या पलीकडे म्हणून ओळख व्हायला?" शेवटी टाकी ठरली, कारण ती कोणाचीच नव्हती. नकाशेवाल्यांना वाटलं, आंतरराष्ट्रीय समितीतही हे इतक्या लवकर झालं नसतं. खरोखरच झालं नसतं.

रविवारी ते घरोघर गेले. प्रत्येक घरी तोच प्रश्न. "टाकीच्या कोणत्या बाजूला, आणि टाकीपासून कितवं?" लोकांनी चहा दिला, सल्ले दिले आणि उत्तरंही दिली. घरोघरच्या नावांसह माहिती तयार झाली. नकाशेवाल्यांनी ती नियमाप्रमाणे नीट बांधली आणि तीन कार्यालयांकडे रवाना केली. पाणीपुरवठा, फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्स.

ॲम्ब्युलन्सवाल्यांकडून काहीच उत्तर आलं नाही. पाणीपुरवठ्याकडून मात्र लगेच आलं. उत्तर असं होतं की सदर वसाहत खोल समुद्रात आढळून आल्याने तिला नळजोडणीची आवश्यकता दिसत नाही, तरी जोडण्या का तोडू नयेत याचा खुलासा करावा. खुलाशाची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बंद झालं.

कॉलनीच्या तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते हे. लोक बादल्या घेऊन नकाशेवाल्यांच्या दारात उभे राहिले. झालं होतं असं की जागेचे आकडे दोन असतात, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. पाणीखात्याच्या यंत्राने पूर्वेचा आधी धरला, त्यामुळे कॉलनी उचलली जाऊन समुद्रात पडली. कोणता आकडा आधी लिहायचा यावरून समितीत पूर्वी महायुद्ध झालं होतं. शेवटी 'दोन्ही चालतील, फक्त कोणता क्रम घेतलाय ते एका ओळीत सांगावं' असा तोडगा निघाला होता. नकाशेवाल्यांनी ती ओळ लिहिली होती. यंत्राने ती वाचली नव्हती, कारण ती वाचणं ऐच्छिक होतं. आणि ती ऐच्छिक असावी हा तोडगा ज्यांनी सुचवला, ज्यांचं त्याबद्दल टाळ्या वाजवून अभिनंदन झालं, ते नकाशेवालेच होते.

हे त्यांनी दारातल्या लोकांना सांगितलं नाही. ते पाणीखात्यात गेले.

"साहेब, कॉलनी समुद्रात नाही," ते खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले.

"तसा पुरावा?"

"मी तिथून चालत आलोय. कोरडा आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि संध्याकाळी पाणी आलं. पण तोवर शेजारीपाजारी नकाशेवाल्यांना पाण्यात पाहू लागले होते. "कॉलनी पाण्यात, म्हणून तेही पाण्यात," असं पत्नी माहेरी फोनवर सांगून हसत होती, तेही त्यांनी ऐकलं. माणसाने अपमान किती ठिकाणी गिळायचा याला मर्यादा असते. त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. म्हणजे दुसरा घेतला नाही.

पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. फायर ब्रिगेड सरावाला तयार झाली होती. बंब येणार, कोणालाही न विचारता नुसत्या माहितीवरून दातांच्या डॉक्टरांचं घर शोधणार, आणि सगळी समिती ते नकाशेवाल्यांच्या फोनवरून पाहणार. डॉक्टरांनी अंगणात धुरासाठी ओला पाला पेटवायचा होता. पाणी मारायचं नव्हतं, नुसतं घर शोधायचं होतं.

ठरलेल्या दिवशी डॉक्टर नवा शर्ट घालून अंगणात उभे राहिले. नकाशेवाल्यांनी फोन उंच धरला. शाळेच्या दिशेने घंटा ऐकू आली. बंब शाळेकडच्या गेटमधून आत शिरला, टाकीच्या रोखाने आला आणि टाकीच्या आधीच थांबला. थेट गाण्याच्या बाईंच्या दारात.

त्याच वेळी, शिष्यांना एक अवघड तान समजावताना बाई गॅसवरचं दूध विसरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता. बंबवाल्यांनी माहिती पाहिली, घर पाहिलं, धूर पाहिला. सगळं जुळत होतं. सराव विसरून त्यांनी पाणी सोडलं.

दूध वाचलं नाही. तानपुरा वाचला, पण थोडक्यात. टाकीच्या दुसऱ्या बाजूला डॉक्टर पाल्याच्या धुरात खोकत उभेच होते. आणि नकाशेवाल्यांच्या हातातल्या फोनमधून आजवर एकाही मुद्द्यावर एकमत न झालेली समिती एकमुखाने हसत होती.

चिंब झालेल्या बाई बाहेर आल्या आणि बंबावरच्या प्रमुखाला म्हणाल्या, "अहो, आग कुठाय?"

"टाकीच्या अलीकडे, टाकीपासून तिसरं घर. हेच ना?"

"हेच," बाई म्हणाल्या. "आम्ही अलीकडेच आहोत. डॉक्टर पलीकडे."

"वा!" टाकीच्या त्या बाजूने धापा टाकत आलेले डॉक्टर म्हणाले, "अलीकडे आम्ही! पलीकडे तुम्ही!"

नकाशेवाल्यांनी घाईघाईने घरोघरची माहिती पुन्हा उघडली. अख्ख्या कॉलनीत टाकीच्या पलीकडे राहणारं एकही घर नव्हतं. बाजाराच्या बाजूचे बाजारगेटने येत-जात, शाळेच्या बाजूचे शाळागेटने. जो तो आपल्या गेटमधून बघे आणि स्वतःला अलीकडे समजे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तसं आपलं घर अलीकडे आणि दुसऱ्याचं पलीकडे. आणि माहिती गोळा करणारा हा तज्ज्ञ, त्याला एकदाही विचारायचं सुचलं नाही की अलीकडे, पण...

"कुठून?" फोनमधून हरकतवाल्यांचा आवाज आला. ते हसत नव्हते. "मी तीन वर्षं हेच विचारतोय. अलीकडे म्हणजे कुठून येताना? तुम्ही मला तुमच्या कार्यालयाचा पत्ता का देत होता?"

नकाशेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणीच्या सगळ्या कामांत आधी अर्ज लागतो. ते फोनकडे पाहून एवढंच म्हणाले, "सर, चुकलो."

"वार्षिक सभेला अजून काही दिवस आहेत," अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तोवर दुरुस्त करा."

मग प्रस्तावात दोन शब्द वाढले. 'कुठून येताना'. नकाशेवाले पुन्हा घरोघर गेले. या वेळी चहा कमी ठिकाणी मिळाला. आता प्रत्येक घराच्या दोन नोंदी होणार होत्या, एक बाजारगेटमधून, एक शाळागेटमधून. म्हणजे प्रत्येक घर एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. हे लोकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. शेवटी पत्नीच पदर खोचून बरोबर निघाली. नवऱ्याचं काम अजूनही तिला कळलं नव्हतं, पण तो रोज खाली मान घालून घरी येतो हे तिला बघवत नव्हतं.

"म्हणजे आम्हीही कोणाच्या तरी पलीकडे?" गाण्याच्या बाईंनी डोळे बारीक करून विचारलं. घरातले पडदे अजून वाळत होते.

"हो वहिनी," पत्नी म्हणाली, "आणि डॉक्टरही तुमच्या पलीकडे. दोन्ही लिहायचं. कोणाचं काही जात नाही."

डॉक्टरही पलीकडे आहेत हे लेखी मिळणार म्हटल्यावर बाईंनी सही केली. डॉक्टरांनीही त्याच कारणासाठी केली.

पाणीखात्याने कॉलनी जमिनीवर असल्याचं मान्य केलं. फायर ब्रिगेडने पुन्हा सराव केला आणि डॉक्टरांचं घर पहिल्या फटक्यात सापडलं. बाईंनी त्या दिवशी दूधच तापवलं नाही. राहिली ॲम्ब्युलन्स. नकाशेवाले तिथे खेटे घालून थकले. साहेब रजेवर, मग साहेब बैठकीत, मग साहेबांची बदली. नवे साहेब म्हणाले, "अशी माहिती आम्ही थेट नागरिकांकडून घेत नाही." तिसऱ्या कार्यालयाशिवाय मतदान नव्हतं. वार्षिक सभेच्या दिवशी नकाशेवाले कार्यालयातून लवकर आले, स्वच्छ शर्ट घातला आणि प्रस्ताव मागे घेण्याचं चार ओळींचं निवेदन टेबलावर ठेवून खुर्चीत बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं. पत्नीने चहाचा कप शेजारी आणून ठेवला.

सभेला थोडा वेळ होता तेवढ्यात बाहेर धावपळ ऐकू आली. गाण्याच्या बाईंच्या वडिलांना, सगळे ज्यांना आजोबा म्हणत, दम लागला होता. श्वास घेता येत नव्हता. बाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता आणि त्या नुसत्या नाव सांगून रडत होत्या.

कॉलनीने अशा वेळी जे करायचं ते केलं. सगळे धावत गेटवर गेले. निम्मे बाजारगेटवर, निम्मे शाळागेटवर. नव्या गाडीला घर सापडत नाही हा सर्वांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. सेक्रेटरी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. डॉक्टर चपला न घालता आले होते. भांडण राहिलं बाजूला. नकाशेवालेही धावले.

बाजारगेटने गाडी आली. सेक्रेटरींनी हात हलवले, "इकडून! टाकीच्या..." गाडीने हॉर्न दिला, त्यांना वळसा घातला, वेग कमी न करता टाकी ओलांडली आणि पलीकडच्या तिसऱ्या घरापुढे थांबली. कोणाला काही विचारलं नाही. दोघेजण खाली उतरले आणि आत गेले.

गेटवरचे लोक वर केलेले हात तसेच घेऊन उभे राहिले.

आजोबांच्या नाकाला नळी लावून त्यांना बाहेर आणलं, तेव्हा त्यांची छाती जरा शांतपणे वरखाली होत होती. बाई गाडीत चढल्या. नकाशेवाल्यांनी ड्रायव्हरची खिडकी गाठली. "घर कसं सापडलं हो?"

"लिहून येतं ना आता गाडीत," ड्रायव्हर किल्ली फिरवत म्हणाला. "बाजाराकडून येताना टाकीच्या पलीकडे, तिसरं. फायरवाल्यांकडे जे असतं ते आमच्याकडे आपोआप येतं. सरका."

नकाशेवाले सरकले. त्यांनी न पाठवलेली, साहेबांनी न घेतलेली, कोणी हाताने पुन्हा न लिहिलेली त्यांची माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपली आपण चालत गेली होती. नियम खुला असला की असंच व्हावं, हे गेली कित्येक वर्षं ते लोकांना समजावत होते. प्रत्यक्षात होताना मात्र त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"अहो, तुमची सभा!" पत्नीने हाक मारली.

सभेत त्यांनी निवेदन वाचलं नाही. धाप लागलेली असताना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग अध्यक्षीणबाईंनी मत विचारलं आणि एकेक हात वर झाला. सर्वांत शेवटी पेन्सिलीसकट हरकतवाल्यांचा हात वर गेला. त्यांची एक उपशंका होती, पण ती त्यांनी मतदानानंतर मांडली.

चौथ्या दिवशी आजोबा घरी आले. त्यांना पाहायला सगळी कॉलनी जमली. आजोबा खुर्चीत बसून सगळ्यांकडे पाहून मान डोलावत होते, आणि सेक्रेटरी त्यांना त्या संध्याकाळची हकीकत सांगत होते.

"माणुसकी राहिली नाही हो आजोबा! मी जिवाच्या आकांताने हात करतोय, आणि तो ड्रायव्हर माझ्याकडे ढुंकून बघत नाही! अरे, नव्या जागी आलास, चार माणसं उभी आहेत, रस्ता विचारायची काही रीत? सरळ घुसला आणि सरळ दारात!"

"सरळच आला बाबा," आजोबा म्हणाले. "म्हणून मी आहे."

सगळे हसले. मग गाडी चांगली होती, ड्रायव्हर जाणता असणार, यावर लोकांचं एकमत झालं. त्या गाडीला रस्ता कोणी दाखवला हे कोणालाच विचारायचं सुचलं नाही. नकाशेवाल्यांनी तोंड उघडलं, जरा विचार केला आणि मिटलं. आजोबा समोर बसून चहा पीत होते, ते त्यांना पुरेसं वाटलं.

मागे उभ्या असलेल्या पत्नीने त्यांच्या बाहीला हळूच ओढलं. "मला माहितीये हं," ती म्हणाली.